तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हटलं

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारा म्हणायला नको. 'दारू घेता का?' असा सरळ मराठीत प्रश्न होता. मी 'नाही' म्हटलं. बायको 'नाही' म्हणाली. आम्हाला दवाखान्यात घेऊन आलेली आठ-दहा माणसं भोवती उभी होती, त्यांनीही माना हलवल्या. एवढी एकजूट आमच्यात एरवी कधी दिसत नाही.

त्या एका 'नाही'नं मी मरायला टेकलो होतो. दारूनं मरतात हे सगळ्यांना माहीत आहे. दारू पितो हे न सांगितल्यानंही माणूस मरतो, ते मला माहीत नव्हतं. तुमच्या घरातलं कुणी आत्ता दवाखान्यात असेल आणि डॉक्टर तुम्हाला हेच विचारत असतील, तर मी तुमच्यासाठी लिहितोय. पटकन वाचा, अन् आत जाऊन खरं सांगा.

मी कोण

माझं नाव मल्लिनाथ. वय त्रेचाळीस. शुक्रवार पेठेत घर आणि भवानी पेठेत टॉवेलचं छोटं काम. मागावरून लांबलचक तागा येतो, तो आम्ही कापतो, कडेला शिलाई मारतो, घड्या घालतो आणि डझनाचे गठ्ठे बांधतो. चार मशिनी आहेत, चार बायका शिलाईला येतात. घरी बायको महानंदा, अकरावीतली मुलगी अक्षता आणि माझे वडील. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पांचं वय चौऱ्याहत्तर. आई, म्हणजे आमची अव्वा, जाऊन दहा वर्षं झाली. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालतं. भांडण मात्र पूर्ण कानडीत.

मी नऊ वर्षं पीत होतो. सुरुवातीला शनिवारी, मग रोज संध्याकाळी, मग दुपारच्या जेवणाआधी. शेवटची दोन वर्षं सकाळी कामावर पोचलो की पहिल्यांदा गठ्ठ्यांच्या मागं हात जायचा. एक घोट घेतल्याशिवाय कात्री धरवत नव्हती, बोटं थरथरायची. रिकामी बाटली मी मागच्या कोपऱ्यात, चिंध्यांच्या पोत्यात खुपसायचो. चिंध्या न्यायला येतो तो माणूसच नेत असेल असं धरून चाललो होतो. कोण नेतं याचा नऊ वर्षांत एकदाही विचार केला नाही.

मी कधी रस्त्यावर पडलो नाही. शिवीगाळ केली नाही, बायकोवर हात उचलला नाही. त्यामुळं दारुडा म्हणजे दुसरा कुणीतरी, गटारीकडेला लोळतो तो. मी आपला 'थोडी घेणारा'. महानंदाला वास यायचा, तिला कळत होतंच. पण किती, ते तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

शुक्रवारची शपथ

सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी थोडं सांगावं लागेल. संक्रांतीला आमच्याकडं सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. त्यात नंदीध्वज निघतात. दोन मजले पार करतील एवढ्या उंच, जड काठ्या. पांढरी बाराबंदी घातलेला एकच माणूस ती काठी कमरेवर उभी पेलून चालतो, दमला की दुसरा पुढं होतो. सराव कितीतरी आधीपासून सुरू असतो. आमचे अप्पा वीस-बावीस वर्षं काठी पेलत होते. पेठेत अजून त्यांना लोक त्याच ओळखीनं नमस्कार घालतात.

मी सरावाला जायचो, पण मागंच उभा राहायचो. यंदा सराव घेणारे काशीनाथमामा सगळ्यांदेखत म्हणाले, "मल्ल्या, यंदा चौकापासनं वळणापर्यंत तू घ्यायचंस. पण एक हाय. अंगाला वास आला तर काठीला हात लावू देणार न्हाई. बगून घे."

मामांना सगळं ठाऊक होतं तर! माझे कान तापले. त्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मी अंघोळ केली, देवासमोर बेलाच्या पानावर हात ठेवला आणि म्हटलं, आजपासून बंद. एक थेंबही नाही. महानंदा मागं उभी होती. तिनं डोळ्याला पदर लावला आणि त्या दिवशी पुरणपोळ्या केल्या. अप्पा पाटावर बसून बघत होते. जेवताना त्यांनी दोनदा माझ्या हाताकडं बघितलं.

आमच्याकडं सोडायची रीत हीच. देवापुढं उभं राहायचं आणि एका झटक्यात तोडायचं. हळूहळू सोडतो म्हणणाऱ्याला लोक हसतात. 'सोडायची तर मर्दासारखी सोड की!' इतकी वर्षं रोज मिळणारी वस्तू शरीराला एकदम बंद केली, तर शरीर उलटतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? पितो हेच जिथं कबूल नाही, तिथं सोडायची कशी हे विचारायला जाणार कोणाकडं?

रविवार सकाळ

शनिवारी दिवसभर घाम सुटत होता. डिसेंबर होता, लोक स्वेटर घालून फिरत होते आणि माझा सदरा पाठीला चिकटलेला. जेवण उलटून पडलं. चहाचा कप दोन हातांनी धरला तरी बशीवर टकटक वाजत होता. अक्षतानं विचारलं, "पप्पा, थंडी वाजायली का?" मी म्हटलं, "व्हय." महानंदा म्हणाली, "विष बाहेर पडायलंय. पडू द्या." तिला वाईट वाटू नये म्हणून मी हसलो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. छातीत कुणीतरी मशीन लावून ठेवल्यासारखं धडधडत होतं आणि बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

रविवारी सकाळी सरावाला गेलो. माझी पाळी आली. काठी कमरेला टेकली, हात वर गेले आणि ते थरथरायला लागले. मग खांदे, मग सगळं अंग. काठी आभाळात डुलायला लागली. खाली कुणीतरी ओरडलं, "आलं! अंगात आलं!" दुसऱ्यानं माझ्या कपाळाला विभूती फासली. 'हर्र बोला हर्र'चा गजर झाला. मला एवढंच कळत होतं की काठी पडणार आणि कुणाच्या तरी डोक्यात बसणार. मी ओरडायला तोंड उघडलं, अन् पुढचं मला आठवत नाही.

आठवतं ते एकदम चपलेच्या वासापासून. फिट आली म्हणून कुणीतरी चप्पल हुंगवत होतं. जीभ चावली गेली होती, तोंडात रक्त, धोतर ओलं. काठी दुसऱ्यांनी वेळेवर धरली होती, नशीब. मामांच्या मांडीवर माझं डोकं होतं आणि ते चिडून म्हणत होते, "देव आलाय म्हनं! देव काय जीभ चावतो का? रिक्षा आणा आदी!"

पहिलं, दुसरं आणि तिसरं 'नाही'

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी मला वाचवलं, आणि त्यांना ते करायला आम्ही शक्य तेवढा त्रास दिला.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते आल्या-आल्या, सगळ्यांसमोर. ते तुम्हाला सांगितलंच. महानंदा बाराबंदी घातलेल्या माणसांकडं बघत ठासून म्हणाली, "आमच्यात कुणी शिवत पण नाही." काशीनाथमामा खाली बघत होते. त्यांनाही ठाऊक होतं. पण नवऱ्याला पहिल्यांदाच काठीचा मान मिळालेला, अन् बायको तोंड भरून नाही म्हणतेय. त्यांनीही मान हलवली.

दुसऱ्यांदा दुपारी. डोक्याचा फोटो काढून झाला होता, त्यात काही निघालं नव्हतं. डॉक्टरबाईंनी पलंगाभोवतीचा पडदा ओढला, खुर्ची जवळ घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आता इथं कुणी नाहीये. घेत असाल तर सांगा. त्यावर उपचार वेगळा असतो." माझ्या हातांकडं त्यांची नजर होती. मी हात चादरीखाली घेतले. पडद्याखालून मला अक्षताच्या चपला दिसत होत्या, ती पलीकडंच उभी होती. मी म्हटलं, "नाही हो, मॅडम." त्यांनी पुन्हा एकदा चादरीकडं बघितलं. मग उठल्या.

तेवढंच बोलायचं होतं हो! 'घेतो, दोन दिवसांपूर्वी बंद केली.' पाच शब्द. माझ्यानं झालं नाही. मला वाटलं, इथं लिहिलं गेलं की पेठेत कळणार, काठी गेली, अप्पांचं नाव गेलं. जीव जाईल हे डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्यांदा सोमवारी, महानंदाला, बाहेरच्या पॅसेजमध्ये. "ताई, मी त्यांना नावं ठेवायला विचारत नाही," असं डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणे. महानंदा म्हणाली, "नाही." नंतर मला तिनं सांगितलं की आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलंच नव्हतं. शपथ घेतली होती, बंद झाली होती, म्हणजे घेत नाहीत. आणि कागदावर एकदा आलं की कायमचं. पुढं मागं पोरीचं स्थळ बघायचं झालं तर?

त्या वॉर्डात बारा पलंग होते. निम्म्यांची पोटं फुगलेली, डोळे हळदीसारखे. पण कुणालाही विचारा, दारू पिणारा एकही नव्हता! कुणाला कावीळ, कुणाला पित्त, कुणी जिन्यावरून पडलेला. माझ्या शेजारी वेळापूरकडचा एक जण होता, तिशीतला. त्याची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "कावीळ हाय. झाडपाल्याला उशीर झाला."

सूत

सोमवारी दुपारी सलाईनच्या नळीतून सूत यायला लागलं.

मी हे थट्टेनं लिहीत नाही. मला ते दिसत होतं, आज हा कागद दिसतोय तसं. पांढरं बारीक सूत, बाटलीतून निघून नळीतून खाली माझ्या हातात शिरत होतं. आत गेलं की छातीत गुंता होणार आणि श्वास अडकणार, हे मला स्वच्छ कळत होतं. म्हणून मी ते ओढायला लागलो. सुई निघाली. रक्त उडालं. सिस्टर धावल्या. मग सूत चादरीतून निघायला लागलं, ब्लँकेटमधून, माझ्या बोटांच्या टोकांतून. मी वेचत होतो आणि ते संपत नव्हतं.

मग मी चादरीच्या घड्या घालायला लागलो. अर्धी, पुन्हा अर्धी, तिसरी घडी, बाजूला ठेवा. अर्धी, पुन्हा अर्धी. महानंदा सांगते, चार तास मी तेच करत होतो, आणि मध्येच बायकांना ओरडत होतो, "मशीन बंद करू नका! गाडी आलीय!" अक्षता जवळ आली तर तिला ओळखलं नाही. तिला मी म्हटलं, "ए पोरी, तुझी शिलाई उसवायलीय." ती रडत बाहेर गेली. हे ऐकलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळ्यात वाईट होता पंखा. छताचा पंखा मला काठी वाटत होता. ती माझ्यावर पडत होती, दर क्षणाला पडत होती आणि पोचत नव्हती. मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो, "धरा! काठी पडायलीय! धरा की रे!" भीती भीती म्हणतो आपण, पण ती कळायला मला त्रेचाळीस वर्षं लागली. एरवी भीतीला कुठंतरी दार असतं, त्या भीतीला नव्हतं. डोळे मिटले तरी काठी दिसायची.

मी पलंगावरून उडी मारायला लागलो तेव्हा हात बांधावे लागले. सिस्टर महानंदाला म्हणाल्या, "मऊ काहीतरी आणा, म्हणजे काचणार नाही." तिनं कामावरून आमचेच टॉवेल आणवले. मी शिवलेल्या टॉवेलांनी मला पलंगाला बांधलं. त्यांच्या किनारीची शिलाई माझ्याच हातची होती.

मंगळवार

हे मी पाहिलं नाही. अक्षतानं मला खूप नंतर सांगितलं, तेही एकदाच.

मंगळवारी सकाळी मला दुसरी फिट आली. ती थांबता थांबत नव्हती. ताप चढलेला, नाडी धावत होती. डॉक्टरबाई महानंदाला सांगत होत्या की मेंदूला काही संसर्ग झालाय का ते बघायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढावं लागेल, सही करा. महानंदा पेन हातात धरून उभी होती.

अप्पा तीन दिवस बाहेर बाकावर बसून होते. मांडीवर त्यांची खादीची पिशवी. रोज सकाळी ते आधी भवानी पेठेत जाऊन कामाची जागा उघडतात, झाडून घेतात, उदबत्ती लावतात आणि मग देवळात जातात, तेव्हाची ती पिशवी. बेल, फुलं, विभूतीची डबी, सगळं त्यातच. ते उठले, आत आले आणि महानंदाच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"डॉक्टरबाई, ह्यातलं काय नको. माझा मुलगा पितो," अप्पा म्हणाले. "रोज पितो. सकाळी उठल्यापासनं पितो. शुक्रवारी एकदम सोडलंय त्यानं."

"मामंजी!" महानंदा ओरडली.

"सुम्म कूड," अप्पा म्हणाले. गप बस. आजवर सुनेशी काय, कुणाशीच ते त्या आवाजात बोलले नव्हते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "रोज किती घेतात, काही अंदाज?"

"अंदाज कशाला? तीन बाटल्या. छोट्या. शनिवारी चार. दोन वर्षांमागं दोन होत्या. त्याच्या आदी एक."

"तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?"

अप्पांनी पिशवी पुढं धरली. "मीच उचलतो की. रोज सकाळी चिंध्यांच्या पोत्यातनं काढतो, ह्यात घालतो, लांबच्या कचऱ्यात टाकतो. नळावर हात धुतो, मग देवळात जातो. नऊ वर्षं झाली."

अक्षता म्हणते, पलीकडच्या पलंगाशी बसलेली वेळापूरची म्हातारी तोंडाला पदर लावून रडायला लागली. डॉक्टरबाईंनी सिस्टरना दोन औषधांची नावं सांगितली आणि त्या जवळजवळ पळतच माझ्याकडं आल्या.

शुद्धीवर

गुरुवारी मी महानंदाला ओळखलं. तिचा चेहरा सुकलेला, केस विस्कटलेले. माझे पहिले शब्द होते, "गाडी गेली का?" ती म्हणाली, "गेली गाडी. झोपा गुमान." आणि माझ्या हाताचा टॉवेल सोडत रडायला लागली.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी रागवायला हवं होतं, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "आणखी एक दिवस गेला असता तर," आणि नाडी बघत राहिल्या. वाक्य पुरं केलं नाही. ते अपुरं वाक्य मला अजून झोपू देत नाही. मग त्यांनी नीट सांगितलं: इतकी वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम बंद करायची नसते. दवाखान्यात यायचं, औषधाच्या आधारानं उतरवायची. सोडायचं हे बरोबरच होतं. एकट्यानं, लपून आणि एका झटक्यात, हे चुकलं.

शेजारचा पलंग रिकामा होता. मी विचारलं नाही. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसताना स्वतःच म्हणाल्या, "गेला बुधवारी. कावीळच म्हणत होती आई शेवटपर्यंत."

त्याच मावशींनी शनिवारी मला धरून बाथरूमला नेलं, गरम पाणी दिलं आणि पाठ घासली. "घाबरायलाय व्हय?" म्हणाल्या. "घाबरा. घाबरणारी टिकतात. ज्याला भ्या न्हाई त्यो परत येतो हितं." आजवर मला पुष्कळांनी उपदेश केला, त्यातला हा एकच उपयोगी पडला.

घरात मात्र वादळ. महानंदा अप्पांशी बोलत नव्हती. "नऊ वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि मला सांगितलं नाही! मला आकडा कळला असता तर मी पहिल्याच दिवशी नसते का बोलले?" अप्पा म्हणाले, "तू तरी पैल्या दिवशी 'घेतात' म्हणालीस का?" त्यानंतर चार दिवस ती ताट वाढताना भांडी आपटत होती. मला कुणाची बाजू घ्यायची सोयच नव्हती. दोघांचा आरोपी मीच.

मीही अप्पांवर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? घरी आल्यावर एकदा म्हटलंच, "मोजत बसण्यापेक्षा एक थोबाडीत मारायची होती."

अप्पा पिशवीचा बंद गुंडाळायला लागले. "मारली असती तर तू जागा बदलली असतीस," म्हणाले. "मग मला कळलं नसतं, किती वाढली ते." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं बघून, "भ्यालो होतो रे. तू म्हनला असतास, घरातनं जावा, तर? तुझी अव्वा पण न्हाई."

बापाला माझ्या घरातनं काढलं जाण्याची भीती वाटत होती आणि मी त्याच्या नावाला जपत होतो म्हणून खरं बोललो नाही. आम्ही दोघंही भ्यालेलो आणि दोघंही गप्प.

मामा

काशीनाथमामा घरी आले. काठी गेली हे मला ठाऊक होतं, ते ऐकायची तयारी करून बसलो होतो. मामांनी चहा घेतला, तब्येत विचारली आणि म्हणाले, "काठी कुटं पळून जात न्हाई. पुढच्या वर्षी, न्हाईतर त्याच्या पुढच्या." जायला उठले, चपला घातल्या, परत आत आले. मला दाराआड घेतलं आणि आवाज उतरवून विचारलं, "ती डॉक्टरबाई कुटल्या वारी बसती? आपल्यातल्याच एकाला दाखवायचंय."

मी वार सांगितला. कोण, ते विचारलं नाही.

यात्रेत मी आणि अप्पा रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. काठ्या समोरून गेल्या. वर बघताना मी अप्पांचा दंड धरला. त्यांनी काढून घेतला नाही.

अजून

महिन्यानं तपासणीला गेलो तेव्हा खुर्चीवर दुसरेच डॉक्टर होते. त्यांनी कागद पुढं ओढला. "व्यसन काही?" मागं रांग होती, त्यात शुक्रवार पेठेतले ओळखीचे दोघं. महानंदाच्या तोंडून सवयीनं "ना-" एवढं निघालंच. मग तिनं ओठ मिटले आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "दारू. नऊ वर्षं, शेवटी रोज तीन क्वार्टर. बंद करून एक महिना झाला." मोठ्यानं म्हटलं, मागच्यांना ऐकू जाईल असं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "जीभ दाखवा." बस, एवढंच. एवढ्यासाठी मी मरायला निघालो होतो.

बरा झालो असं मी म्हणत नाही. भीती आहे. दारूच्या दुकानांच्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालतो. पंख्याखाली झोपत नाही. त्या तीन दिवसांतलं मला इतकं थोडं आठवतं की आता स्वतःच्या आठवणीवर विश्वासच राहिलेला नाही.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी कामावर लवकर पोचलो. अप्पा झाडून, उदबत्ती लावून बाहेर येत होते. खांद्याला पिशवी होती आणि तिच्यात काच वाजली.

मी उंबऱ्यावर बसलो. मी प्यालो? कधी? काल? मला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हणजे प्यालो नाही असं मी कशावरून म्हणू? "अप्पा," मी म्हटलं, "पिशवीत काय हाय?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. पिशवी खाली ठेवली, हात घातला आणि बाटली बाहेर काढली. देवळातल्या दिव्यासाठी नेत होते ते तेल. तिच्याशेजारी विभूतीची डबी, आणि बेलाची पानं.

"तेल हाय," ते म्हणाले. मग माझ्याजवळ उंबऱ्यावर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी बसले. "मीबी रोज बगतो अजून. गठ्ठ्यांच्या मागं. पोत्यातबी."

"काय सापडतं?"

"काय न्हाई. तरी हात घालताना भ्या वाटतं बग."

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबरच निघतो. कुलूप ते काढतात, झाडून मी घेतो. मग उदबत्तीच्या आधी आम्ही दोघं गठ्ठ्यांच्या मागं हात घालून बघतो, पोतं उपसून बघतो. आधी अप्पा, मग मी.